आधी विचार

गुरुवार होता. धायरीत गुरुवारी वीज जाते.
कधी येईल ते मेसेजात लिहिलेलं असतं,
म्हणून कुणी धरून चालत नाही.

हर्षला ढमढेरेचा प्रबंध टाइप करत होते,
भीमा खोऱ्यातले दगडी हौद,
पान दोनशे बारा, तळटीप एकोणीस,
आणि स्क्रीन निळी झाली.
अपडेट सुरू आहे. सत्तावीस टक्के.
संगणक बंद करू नका.
मी कुठे बंद करत होते?
टेबलाखाली यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला.
अठ्ठावीसला वीस मिनिटं थांबलं.
मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले,
ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तशी.

परत उघडलं तेव्हा तळटीप गेली होती
आणि जुन्या फॉन्टातला प्रत्येक पोटफोड्या ष
रिकामी चौकट झाला होता.
महारा□ट्र. कृ□णा. वि□य.
बत्तीस वर्षं अक्षरं जुळवतेय,
पहिली चार साठ्यांच्या छापखान्यात, खिळ्यांची.
शिशाचा ष हातातून निसटला
तर निदान वाकून उचलता यायचा.

तपकीर गल्लीतून तौफिक आतार आला,
हेल्मेट काखेत, चहा नको म्हणत, मग घेत.
"काकू, तुमची होम आहे.
होमला नको म्हणता येत नाही.
थोडे दिवस ढकलायचं, मग आलं की घ्यायचं.
प्रो करून घ्या, मग तुमच्या हातात."
मी काही बोलले नाही.
कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठून गॅस बंद केला.

प्रबंधाचे निम्मे पैसे गेले त्यात.
पंचवीस अक्षरांची किल्ली
तो मोबाइलवरून वाचत होता, मी टाइप करत होते.
"बी."
"बटाट्यातला की वांग्यातला?"
"वांग्यातला."
"मग तो व्ही. नीट सांग."
एक जरी चुकलं तरी सगळंच नाकारतं म्हणे.
पहिल्या फटक्यात घेतलं.
"कमाल आहे," तो म्हणाला.
मुद्रितं तपासलीत राजा, मी म्हटलं,
पंचांगाचीसुद्धा.

मग तो खिडकीच्या आत खिडकी उघडत गेला,
पाचवीत त्याला हवी ती ओळ सापडली:
आधी विचार, मगच उतरव.
जवळच एक प्रश्न होता,
तुमचे सक्रिय तास कोणते?
"अठराच्या वर घेत नाही हे," तौफिक म्हणाला.
पहाटे पाच ते रात्री अकरा, मी सांगितलं.
त्याने बोटांवर मोजलं. बरोबर अठरा.
"आणि दुपारी एक ते चार? पुणं झोपतं ना?"
दुकानं झोपतात.

बूट घालताना दारातून म्हणाला,
"पण कायमचं नको नका म्हणू, काकू.
भोकं राहतात. काहीबाही शिरतं."

हर्षलाचा प्रबंध गेला.
सगळे ष मी नव्या फॉन्टात बसवले, एकेक,
सतराशे चाळीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं.

पुढच्या बुधवारी, रात्री सव्वाअकराला,
स्क्रीनच्या कोपऱ्यात लहानसा चौकोन आला.
अपडेट आले आहे. उतरवायचे का?

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.
प्रश्नचिन्ह होतं खरंच.
"उद्या नको, परवा," म्हटलं,
मोठ्याने म्हटलं बहुतेक,
कारण आतून यांनी विचारलं, काय परवा?
काही नाही, झोपा.

शुक्रवारी नळाचं पाणी भरून झाल्यावर,
यूपीएसचा हिरवा दिवा बघून,
मीच हो दाबलं.
अठ्ठावीसला थांबलं.
थांबू दे.
मी मटार सोलायला घेतले.